ऑक्टोबरच्या पानावरचा शिंजीर

यंदा आमच्या सोसायटीचं कॅलेंडर पहिल्यांदाच आमच्या बागेतल्या फोटोंचं निघालं. फोटो सगळे माझे. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही चार-पाच जण निवडायला बसलो होतो. मी महिन्यानुसार लावूनच नेले होते, म्हणजे जे ज्या महिन्यात दिसलं ते त्या महिन्याच्या पानावर. सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत गेलं. ऑक्टोबरचा फोटो पुढे आला आणि समोरचे काका म्हणाले, "हा नको वहिनी, मळकट आलाय." शेजारच्या वहिनींना तो चिमणीसारखा वाटला. तो शिंजिराचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा सनबर्डचा, नर होता. पाठ मातकट, पोट फिकट पिवळं, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध ओढलेली एक काळसर पट्टी. "तुमच्याकडे तो निळा-जांभळा चमकणारा आहे ना, तो टाकू या की!" चमकणारा होता, पण तो फेब्रुवारीतला, आणि फेब्रुवारीच्या पानावर आधीच काटेसावरीची फुलं बसली होती. "मग ऑक्टोबरला टाकू. पक्षी तर तोच ना?" सगळ्यांच्या माना डोलल्या, पुढचं पान उलटलं गेलं. कॅलेंडर छान छापून आलं, घरोघरी लागलं, लोकांनी आवर्जून फोन करून कौतुक केलं. मला त्या कौतुकाचा आनंद झालाच, खोटं का बोलू. पण ऑक्टोबरच्या पानावरचा तो झळाळता पक्षी डोळ्यांपुढून हलेना. पक्षी तोच, हे अगदी खरं आहे. पण ऑक्टोबरात तो असा नसतो.

शिंजिराची वीण आटोपली, पाऊस ओसरत आला की नर आपली जांभळी पिसं टाकायला लागतो. एकदम नाही, थोडी थोडी. आधी पोटावर पिवळ्याचे ठिपके दिसायला लागतात, मग डोकं विटतं, पंखांवर तेवढी एखादी निळी कड शिल्लक राहते. दसऱ्याच्या सुमाराला तो जवळजवळ मादीसारखा दिसतो, छातीवरची ती काळी पट्टी तेवढी त्याची ओळख सांगत राहते. डिसेंबर संपता संपता पुन्हा नव्या पिसांची सुरुवात होते, आणि संक्रांतीच्या आगेमागे कधीतरी सकाळी कर्दळीवर जांभळ्या-पिवळ्या चिंध्या पांघरल्यासारखा एक पक्षी येऊन बसतो, ज्याला पाहून नवखा माणूस पुस्तकात शोधत बसेल आणि त्याला सापडणार नाही. हे सगळं आमच्या इथे, पुण्याच्या सहकारनगरात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्यासाठी कुठे जावं लागत नाही. तळजाईची टेकडी मागे आहे म्हणून पाखरं जरा जास्त उतरतात एवढंच.

बाग म्हणजे तरी काय? मागच्या अंगाला कुंपणाच्या भिंतीलगत पंधरा-वीस पावलांचा पट्टा आहे. त्यात सासूबाईंनी लावलेला अडुळसा, एक ईडलिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी, भिंतीवर चढलेली मधुमालती आणि पाइपाच्या ओलीवर पोसलेली कर्दळ. हमेलियाचं झुडूप मात्र मी आणलं, आणि त्याच्या केशरी नळ्यांवर बारा महिने कुणी ना कुणी लोंबकळत असतं. अडुळसा आईंनी खोकल्याच्या काढ्यासाठी लावला होता. थंडीच्या शेवटी तो पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मग खोकल्याचं नावही कुणी काढत नाही, कारण त्याच्यावर पहाटेपासून शिंजिरांची भांडणं सुरू असतात.

फेब्रुवारीतला तो फोटो त्याच अडुळशावरचा. शिंजिराचा जांभळा रंग हा खरं तर रंगद्रव्याचा नाहीच. पिसांच्या बारीक तंतूंमध्ये अतिसूक्ष्म थर असतात, त्यांच्यावर उजेड आपटून परततो तेव्हा आपल्याला निळं, जांभळं, हिरवट असं काहीबाही दिसतं. कोन चुकला की तोच पक्षी कोळशासारखा काळा. त्यामुळे शिंजिराचा फोटो काढणं म्हणजे उन्हाची वाट पाहणं. साडेसात-आठच्या सुमाराला ऊन शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून सरकून भिंतीवर उतरतं, मग अडुळशाच्या शेंड्यावर येतं, आणि तेवढी दहा-पंधरा मिनिटं पक्षी, फूल आणि ऊन एका रेषेत असतात. खिडकीच्या गजांमधून लेन्स बाहेर काढून मी बसते. गॅसवर दूध असतं. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी ठेवला तर चोच धूसर येते, कारण तो फुलात चोच घालतो ती क्षणभरच, आणि पुष्कळदा समोरून घालतच नाही. फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध ओढून घेतो आणि पुढच्या फुलावर जातो. त्या सकाळी तो समोरून आला, मान वळवली, आणि डोक्यापासून खांद्यापर्यंत सगळा पेटला. पंखांच्या बगलेतली ती शेंदरी-पिवळी पिसं, जी एरवी दिसतच नाहीत, तीसुद्धा दिसली. असा फोटो आला की दिवस सोन्याचा होतो. मी त्या फोटोविरुद्ध काहीच म्हणत नाही.

फक्त त्या दहा-पंधरा मिनिटांच्या बाहेरही तो पक्षी असतो.

आणि त्याची मादी असते. कॅलेंडरात मादी कुठेच नाही, कारण तिला दाखवण्यासारखा रंग नाही. पण आमच्या बागेतलं मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर काम तिचं आहे. मार्चच्या सुरुवातीला ती खिडकीच्या छज्जाखाली यायला लागली. तिथे कोपऱ्यात कोळिष्टकं होती, धुळीनं भरलेली. ती हवेत एका जागी पंख फडफडवत राहायची, चोचीच्या टोकाला जाळ्याचा एक पदर पकडायची आणि मान डावी-उजवी करत तो गुंडाळून घ्यायची. धागा लांबत जायचा, तुटायचा, उरलेला तिच्या कपाळाला चिकटायचा. मग मधुमालतीच्या एका लोंबत्या फांदीकडे. तिथे आधी नुसताच जाळ्याचा एक गोळा होता, कचरा अडकलाय असं वाटावं असा. त्यात गवताच्या काड्या आल्या, सालीचे तुकडे आले, वाळकी पानं आली, सुरवंटांची विष्ठासुद्धा आली. एके दिवशी ती त्या गोळ्याच्या आत शिरली आणि आतून छातीनं दाबत गोल फिरायला लागली. बाहेरून दिसायचं ते एवढंच की पिशवी श्वास घेतल्यासारखी इकडून तिकडून फुगतेय. अशा दाबण्यानं पोकळी झाली, मग बाजूला दार झालं, आणि शेवटी दारावर एक छोटासा छज्जा. उन्हापावसात दाराच्या तोंडावर आडोसा हवा हे तिला कुणी सांगितलं? आमच्या छज्जाखालून ती जाळी नेत होती आणि तिकडे स्वतःचा छज्जा बांधत होती. अंडीही ती एकटीच उबवते, साधारण दोन आठवडे. नर त्या काळात समोरच्या विजेच्या तारेवर बसून गात असतो. पिल्लं झाली की मात्र दोघंही चोचीत किडे घेऊन फेऱ्या मारतात. नुसत्या मधावर पिल्लं वाढत नाहीत.

जाळं गोळा करतानाचे तिचे फोटो माझ्याकडे आहेत, छज्जाखालचे. घरट्याचे नाहीत, आणि ते मी काढणारही नाही. फोटो काढणाऱ्यांच्या मंडळींमध्ये आता यावर बऱ्यापैकी एकमत होत आलंय, तरी अजून एखादा उत्साही माणूस दिसतोच, जो 'समोर जरा पानं येतायत' म्हणून दोन डहाळ्या वाकवतो किंवा छाटतो. ती दोन पानं म्हणजे घरट्याची सावली असते आणि पडदाही. एप्रिलच्या पुण्यात दुपारी सावली गेली तर पिल्लं भाजतात. पडदा गेला तर कावळ्याला दिसतात, भारद्वाजाला दिसतात. भारद्वाज आमच्याकडे रोज येतो, शकुनाचा म्हणून सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघतात, आणि तो शांतपणे एकेक झुडूप आतून चाळून जातो. त्याला त्याची पिल्लं जगवायची आहेत. आपण त्याला वाट दाखवायची गरज नाही.

उन्हाळ्यात बाग कानानंच बघावी लागते. उजेड इतका पांढरा की नऊनंतर फोटोत सगळं उकडलेलं दिसतं. तांबट पक्ष्याचं टुक-टुक दिवसभर, आणि त्याच्याही आधी, उजाडायच्या आत, दयाळ. टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या दांडीवर बसून तो जे गातो त्याला मी नाव देऊ शकत नाही, एक ओळ म्हणून झाली की थांबून ऐकतो आणि दुसरी वेगळीच म्हणतो. हाच दयाळ थंडीत पाहावा. नोव्हेंबरात तो अडुळशाच्या बुडाशी, ओल्या पाचोळ्यात खाली मान घालून किडे शोधत असतो आणि जवळ गेलं तर नुसतं खरखरल्यासारखं काहीतरी पुटपुटतो. शिंजीर रंग उतरवून ठेवतो, दयाळ गाणं. आई पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात पाणी भरताना म्हणतात, "रियाझ बंद आहे त्याचा." उन्हाळ्यात त्या दोनदा पाणी बदलतात, परळात एक दगड ठेवतात, मधमाश्यांना टेकायला. दुपारी तिथे बुलबुल अंघोळ करतात, साळुंक्या भांडतात, आणि खार पुढचे पाय कडेवर ठेवून इतकी मन लावून पाणी पिते की आपणही हातातलं काम थांबवावं.

पहिल्या पावसाच्या सुमाराला भिंतीवरचा सरडा लाल होतो. डोकं, मान, खांदे शेंदरी, गळ्यावर काळा डाग, आणि भिंतीच्या कडेवर बसून पुढच्या पायांवर जोर देत अंग वर-खाली करत राहतो. तो कॅलेंडरात जूनच्या पानावर आहे आणि मुलांना फार आवडला. पण मादी खाली मातीत होती. हमेलियाच्या बुंध्याशी ओल्या मातीत तिनं खड्डा केला, अंडी घातली, माती परत लोटली आणि मग डोक्यानं ठोकून ठोकून ती जागा दाबली. तिचं नाक मातीनं भरलं होतं. काम झाल्यावर ती तिथेच जरा वेळ पडून राहिली, बरगड्या वर-खाली होत होत्या. मी तिच्यापासून दोन हातांवर पायरीवर बसले होते, कॅमेरा मांडीवर होता, आणि मला तो उचलावासा वाटला नाही. पावसाळ्यातल्या अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवून काहीतरी आलं असतंही. पण तेव्हा बघणं पुरेसं होतं.

ईडलिंबाच्या झाडाचं तेच. ऑगस्टच्या पानावर ब्ल्यू मॉरमॉन आहे, मखमली काळ्या पंखांवर निळे पट्टे, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. त्याला कोण नाही म्हणणार! त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आणि सुरुवातीचे दिवस त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. पानावर पडून राहिलेली शीट कुणी खात नाही, म्हणून त्या जगतात. पुढे कात टाकून हिरव्या होतात, आणि तेव्हा बोटानं जरा डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेली शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. माळीदादा दरवर्षी औषध मारायचं का विचारतात. पानं कुरतडलेली दिसतात, झाड केविलवाणं दिसतं, आणि सोसायटीत कुणी ना कुणी कीड लागली म्हणून तक्रार करतं. ज्याला आपण मान देतो त्याचं लहानपण असं कुरतडलेल्या पानांवर असतं. ती पानं राहू दिली नाहीत तर ऑगस्टच्या पानावर छापायला काही उरणार नाही. मी त्यांना दरवर्षी नको म्हणून सांगते. ईडलिंबू पुन्हा फुटतंच.

मग येतो ऑक्टोबर. पावसानं वाढवून ठेवलेलं सगळं अंगावर येतं, ऊन चटका देतं, रस्त्यावर बुचाची पांढरी लांब देठांची फुलं पडायला लागतात आणि सकाळी दूध आणायला गेलं की वासानं पाय थबकतात. बागेत या महिन्यात फोटोजोगं काही नसतं, असं मीही पूर्वी ऐकायची. प्रत्यक्षात हा महिना ये-जा करणाऱ्यांचा आहे. कढीपत्त्यात पर्ण वटवट्या हा हिवाळी पाहुणा पक्षी येतो. हिरवट-राखाडी, अंगठ्याएवढा, डोळ्यांवर एक फिकट भुवई, बाकी सांगण्यासारखं काही नाही, आणि एका जागी क्षणभर ठरत नाही. उत्तरेकडचे डोंगर आणि जंगलं मागे टाकून, ग्रॅमांत मोजायचं वजन घेऊन तो इथवर उडत येतो आणि आमच्या कढीपत्त्याच्या पानांमागचे मावे टिपत बसतो. सोसायटीतल्या कुणाच्याही नजरेला तो आजवर पडलेला नाही. फोडणीसाठी पानं तोडायला येणारा प्रत्येक जण त्याच्या हातभर जवळ जाऊन येतो. त्या वेळी तो नुसता आत सरकतो, आणि माणूस गेला की पुन्हा बाहेर.

याच दिवसांत आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. शाळांची मुलं टेकडीवर, तळ्यावर जातात, वहीत नावं लिहितात. ही वेळ मला फार योग्य वाटते, कारण पाहुणे आलेले असतात. पण याच वेळी शिंजिराचा नर आपल्या सगळ्यात साध्या पिसांत असतो. ज्या मुलानं घरी ऑक्टोबरच्या पानावर तो झळाळता पक्षी पाहिलाय, ते मूल बागेत येऊन त्या निळ्याला शोधणार. त्याच्या समोर हमेलियावर छातीवर काळी रेघ असलेला पक्षी चोच खुपसून बसलेला असेल, आणि ते मूल "इथे नाहीच आहे" म्हणून निघून जाईल. त्या संध्याकाळी ऑफिसात मला जे नीट सांगता आलं नव्हतं ते बहुधा हेच. मळकट फोटो गेल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. त्या महिन्यात जो खरोखर समोर असतो त्याला ओळखायची एक संधी गेली.

पिसं बदलणं हे काही आजारपण नाही. उन्हापावसानं, घरट्याच्या ये-जा करण्यानं जुनी पिसं झिजलेली असतात, ती टाकून नवी घडवायला अंगातली ताकद लागते, खाणं लागतं. या दिवसांत शिंजीर भांडत नाही, गात नाही, तारेवर बसून मिरवत नाही. तो खातो. अडुळशाला फूल नसतं तेव्हा हमेलियावर, हमेलियावर गर्दी असेल तेव्हा जास्वंदीवर, आणि तेही नसेल तेव्हा पानांखालचे कोळी टिपत. कॅमेऱ्याला दिसण्यासारखं त्यात काही नाही, पण रोज त्याच खिडकीत उभं राहिलं तर त्याच्यात घडणारा बदल डोळ्यांदेखत दिसतो. आज खांद्यावर एक निळं पीस. चार दिवसांनी कपाळावर दोन. मला फेब्रुवारीचा तो फोटो आवडतो तो त्यामुळे जास्त. त्याच्या मागे किती दिवसांचं निमूट खाणं आहे ते मला माहीत आहे.

म्हणून या थंडीत मी कॉम्प्युटरवरचे फोटो नव्यानं लावायला घेतले. पूर्वी 'चांगले' नावाचा एक फोल्डर होता आणि उरलेलं सगळं इतरांत. आता बारा महिन्यांचे बारा फोल्डर केलेत, आणि त्यात धूसर, अर्धवट, पानाआड गेलेलं, पाठमोरं, सगळं आहे. परवा ते टीव्हीवर लावून आईंना दाखवले. एरवी त्या दहा फोटोंनंतर डुलकी काढतात. या वेळी ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे शिंजिराचेच फोटो एकामागून एक आले तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. "थांब, मागचा दाव बरं," म्हणाल्या. मग पुढचा. पुन्हा मागचा. कुठलं पीस नवं आलंय ते त्या बोटानं दाखवायला लागल्या, आणि एका ठिकाणी माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांनी दाखवलं, शेपटीच्या बुडाशी, मोहरीएवढं जांभळं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईंची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी ऐकून होते, त्या दिवशी पटलं.

सध्या अडुळशाला कळ्या धरल्यात. नर अजून अर्धामुर्धाच रंगलाय. मादी मात्र दोन दिवस छज्जाखाली घिरट्या घालून गेली, अजून नेत काही नाही, बघून जाते. आमच्या कामाच्या मावशींचा हात स्वच्छतेला इतका लख्ख की कोपऱ्यात कोळी टिकणं मुश्किल. त्यांना मी सांगितलं की खिडकीच्या बाहेरची जाळी आता मेपर्यंत काढायची नाहीत, आणि का ते खिडकीशी उभं करून दाखवलं. त्यांनी झाडू खाली ठेवला, बराच वेळ वर बघत राहिल्या. "आमच्या गावाकडं सुगरणीची घरटी असायची विहिरीवर," म्हणाल्या, "पण ही कोळ्याचं पण नेती होय?" आता झाडू बाहेर न्यायच्या आधी त्या मला हाक मारतात आणि एकेक कोपरा दाखवून विचारतात, ताई, हे तिचं का, का काढू?